पुट्टीतली सेशन्स टर्मिनलमध्ये आणायची आहेत? आधी यादी लावा, मग टूल निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात बसून तुम्ही विदर्भभरच्या ग्राहकांचे लिनक्स सर्व्हर, राउटर आणि स्विच सांभाळता. आजवर विंडोजवर पुट्टी (दूरच्या मशीनवर लॉगिन करायचा प्रोग्राम) होतं आणि त्यात शंभराच्या आसपास सेशन्स, म्हणजे जोडण्यांच्या नोंदी, साठली आहेत. आता ऑफिसनं उबुंटूचा लॅपटॉप दिला आहे. टर्मिनलमध्येच यादी दिसावी, दोन-चार अक्षरं टाइप केली की ती गाळली जावी आणि एंटर मारला की जोडणी व्हावी, असं एखादं टूल तुम्हाला हवं आहे. सोबत तुम्ही एक ओळ लिहिली आहे: "यादीत सर्व्हर नवीन, सर्व्हर नवीन २, टेस्ट आणि टेस्ट फायनल अशी नावं आहेत, कुठलं कुठे जातं ते उघडल्यावरच कळतं." माझ्या मते तुमची खरी अडचण या ओळीत आहे. टूल अर्ध्या तासात बसवून होईल, मी ते खाली सांगतेच. पण या यादीवर कितीही देखणं टूल बसवलं तरी चुकीचं मशीन जास्त वेगानं उघडण्यापलीकडे काही पदरात पडणार नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. यादी तुम्ही एकटेच वापरणार की तीन-चार सहकारी, यावर फाईल कशी मांडायची ते ठरतं. ग्राहकांकडे दहा-बारा वर्षं जुने स्विच आहेत की सगळं अलीकडचं, यावर किती अपवाद लिहावे लागतील ते ठरतं. विंडोजचं मशीन पूर्ण सुटणार की अधूनमधून त्यावर बसावं लागणार, हेही बघा. हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून तीन-चार जणांची टीम आहे आणि जुनी-नवी यंत्रं मिसळलेली आहेत असं धरून मी लिहिते. आपल्या भागात बहुतेक ठिकाणी असंच चित्र असतं.

यादीची जागा आधी ठरवू. एसएसएच म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायची पद्धत आणि ओपनएसएसएच हा त्यासाठीचा लिनक्सवरचा नेहमीचा प्रोग्राम. त्याची स्वतःची एक साधी मजकूर फाईल असते. होम फोल्डरमध्ये डॉट-एसएसएच नावाचा लपलेला फोल्डर असतो, त्यातली कॉन्फिग नावाची फाईल. प्रत्येक मशीनला तिथे एक टोपणनाव देता येतं आणि त्याखाली खरा पत्ता, यूजर, पोर्ट, कुठली की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाईल) वापरायची, मधे कुठल्या मशीनवरून जायचं हे सगळं लिहिता येतं. तुमची यादी इथेच असावी, असा माझा ठाम आग्रह आहे. कारण एकदा टोपणनाव इथे लिहिलं की ते फक्त लॉगिनपुरतं राहत नाही. फाईल्स पाठवणारी एससीपी, एसएफटीपी आणि आरसिंक, फाईल्समधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिट, अनेक मशीन एकदम सांभाळणारं ॲन्सिबल, व्हीएस कोडचं रिमोट एक्स्टेन्शन, ही सगळी मंडळी तेच नाव ओळखतात. रात्री बॅकअपची फाईल ओढायची असेल तर आरसिंकला तेच टोपणनाव द्यायचं, पोर्ट आणि की पुन्हा सांगायची गरज नाही. जी टूल्स स्वतःचा वेगळा डेटाबेस ठेवतात त्यांच्यात हे सुख नाही. तिथली नावं त्या टूलपुरतीच असतात आणि उद्या ते टूल बंद पडलं की तुमची आज पुट्टीत झाली आहे तीच अडचण पुन्हा समोर येते.

विंडोजवर परत बसावं लागलं तरी हे चालतं. विंडोज १० मध्ये २०१८ पासून ओपनएसएसएचचा क्लायंट सोबतच येतो आणि तो यूजरच्या फोल्डरमधली अशीच फाईल वाचतो.

आता पुट्टीतून माल बाहेर काढायचा. विंडोजवर पुट्टी आपली सेशन्स फाईलमध्ये ठेवत नाही, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, ठेवते. करंट यूजरखाली सॉफ्टवेअर, त्याखाली सायमनटॅथम (पुट्टीच्या मूळ लेखकाचं नाव), मग पुट्टी, मग सेशन्स. ती शाखा रजिस्ट्री एडिटरमधून एक्स्पोर्ट करा. ती फाईल लिनक्सवर उघडलीत की तीन ठिकाणी अडाल, म्हणून आधीच सांगते. पहिलं म्हणजे ती यूटीएफ-१६ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत असते. ग्रेप (मजकूर शोधायचा आदेश) चालवलं तर काहीच सापडत नाही आणि माणूस फाईल रिकामी आहे असं समजतो. आधी आयकॉन्व्ह या आदेशानं ती यूटीएफ-८ करून घ्या. दुसरं, सेशनच्या नावातली मोकळी जागा टक्केचिन्ह आणि २० अशी लिहिलेली असते. तिसरं, पोर्टचा आकडा हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेला, असतो. म्हणजे नेहमीचा २२ तिथे १६ दिसतो, आणि पोर्ट २२२२ असेल तर आठ-ए-ई दिसतो. हे लक्षात न घेता पोर्ट तसेच उतरवले की निम्मी यादी "कनेक्शन रिफ्यूज्ड" म्हणते.

प्रत्येक सेशनमध्ये शंभराहून जास्त सेटिंग्ज असतात, रंग आणि फॉन्टपासून. तुम्हाला त्यातली पाचच हवी आहेत: होस्टनेम, यूजरनेम, पोर्टनंबर, प्रोटोकॉल आणि पब्लिककीफाईल. शेवटच्या नावानं फसू नका, तिथे खाजगी कीच्या पीपीके (पुट्टीच्या स्वतःच्या प्रकारच्या) फाईलचा पत्ता असतो. कित्येकदा यूजरनेम रिकामं असतं आणि होस्टनेममध्येच "रूट ॲट अमुक पत्ता" असं लिहिलेलं असतं, तेही वेगळं करून घ्या. पासवर्ड शोधू नका, पुट्टी सेशनमध्ये लॉगिनचा पासवर्ड साठवत नाही. आणि प्रोटोकॉल या रकान्याकडे नीट बघा. टेलनेट आणि सिरियल असलेली सेशन्स वेगळ्या कागदावर काढा, त्यांचं शेवटी बोलू.

ही पाच रकान्यांची यादी स्प्रेडशीटमध्ये टाका आणि त्याला सहावा रकाना जोडा: नवीन नाव. इथे घाई करू नका. चहा घेऊन, जमलं तर सहकाऱ्यांना सोबत घेऊन बसा, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

माझ्या कामात नाव तीन भागांचं असतं: आधी जागा, मग काम, मग प्रकार. काटोल-बिलिंग-लाईव्ह. काटोल-बिलिंग-टेस्ट. हिंगणघाट-वजनकाटा-लाईव्ह. रामदासपेठ-लॅब-लाईव्ह. फाईलमध्ये हे अर्थात रोमन लिपीत, सगळं लहान अक्षरांत आणि मधे डॅश. जागा आधी का? कारण फोन येतो तेव्हा समोरचा माणूस जागा आधी सांगतो: "मॅडम, काटोलहून बोलतोय, बिल निघत नाहीये." कानावर जे आधी पडतं तेच बोटांनी आधी टाइप व्हावं. तुमचे ग्राहक वेगळ्या पद्धतीनं बोलत असतील, एकाच कंपनीच्या अनेक शाखा असतील, तर कंपनीचं लघुरूप आधी घ्या. क्रम कुठलाही चालेल, पण सगळ्या यादीत तोच एक हवा.

नावात सर्व्हरचं मॉडेल, आयपीचा शेवटचा आकडा किंवा "नवीन" हा शब्द घालू नका. मशीन बदलतं, पत्ता बदलतो आणि नवीन जुनं होतं. काम मात्र तेच राहतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो, तालुक्याच्या एखाद्या शाखेत एसी बंद पडतो आणि खोली तापायला लागते. मग फोनवर सांगतात की बिलिंगचं चालू राहू द्या, बाकीचं बंद करा. त्या वेळी यादीत बिलिंग कुठलं आणि बाकीचं कुठलं हे नावावरून कळलं पाहिजे. उघडून बघायला तेव्हा वेळ नसतो.

नावं ठरली की फाईल. तिचा एक नियम मनावर कोरून ठेवा: प्रत्येक सेटिंगसाठी जी किंमत आधी सापडेल ती धरली जाते, नंतरची दुर्लक्षित होते. बहुतेकांची समजूत उलटी असते, की खाली लिहिलेलं वरच्याला झाकतं. म्हणून विशिष्ट मशीनचे तुकडे वर, आणि सगळ्यांना लागू होणारा तारांकित तुकडा, म्हणजे होस्ट आणि पुढे नुसतं स्टार, सगळ्यात खाली. तो चुकून वर गेला आणि त्यात यूजर लिहिलेला असला, तर खालच्या शंभर मशीनवरचे वेगवेगळे यूजर एकदम निकामी होतात.

टीमसाठी एकच लांबलचक फाईल करू नका. इन्क्लूड नावाची सोय आहे, ती ओपनएसएसएच ७.३ पासून, म्हणजे २०१६ पासून मिळते. मुख्य फाईलच्या अगदी पहिल्या ओळीत इन्क्लूड लिहून एका उपफोल्डरमधल्या सगळ्या फाईल्स ओढून घ्या आणि प्रत्येक ग्राहकाची वेगळी फाईल करा. ही ओळ पहिलीच हवी. ती एखाद्या होस्ट तुकड्याच्या खाली पडली तर त्या तुकड्याचा भाग समजली जाते आणि फक्त त्या मशीनसाठी लागू होते. डावीकडे सरकवून लिहिलं म्हणून तुकडा संपला असं एसएसएच मानत नाही, तिथे इंडेंटेशनला अर्थ नाही. "इन्क्लूड केलंय तरी नाव सापडत नाही" या तक्रारीच्या मुळाशी मला बहुतेकदा हेच सापडलं आहे.

उपफोल्डर गिटमध्ये ठेवा, म्हणजे कोणी नवीन सर्व्हर जोडला की सगळ्यांना मिळतो. त्यात फक्त पत्ते, पोर्ट आणि मार्ग असू द्या. स्वतःचा यूजर आणि की प्रत्येकानं आपापल्या मुख्य फाईलमध्ये, खालच्या तारांकित तुकड्यात लिहावी. पासवर्ड तर कुठेच नको, टिप्पणीतही नाही. गिटमध्ये एकदा गेलेली गोष्ट खोडली तरी इतिहासात उरते. शेवटी या सगळ्या फाईल्सची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) करून टाका. दुसऱ्या कोणाला लिहिता येईल अशी फाईल असेल तर एसएसएच मालकी किंवा परवानगी चुकीची असल्याचं सांगून ती वाचायलाच नकार देऊ शकतं.

आता ज्या भागात सगळ्यात जास्त लोक चुकीची वाट धरतात त्याकडे वळते. तुमच्या ग्राहकांकडे बहुतेक ठिकाणी एकच मशीन बाहेरून दिसत असेल, आणि आतली मशीन १९२.१६८.१.१० अशा घरगुती पत्त्यावर असतील. काटोलच्या पतसंस्थेत १.१० म्हणजे बिलिंग, हिंगणघाटच्या जिनिंगमध्येही १.१० म्हणजे वजनकाटा. पुट्टीत तुम्ही आधी बाहेरच्या मशीनवर जाऊन तिथून हातानं पुढे एसएसएच करत असाल. कॉन्फिगमध्ये याला प्रॉक्सीजंप म्हणतात, तेही ७.३ मध्येच आलं. काटोल-बिलिंग-लाईव्हच्या तुकड्यात पत्ता १९२.१६८.१.१० आणि प्रॉक्सीजंप काटोल-गेट एवढं लिहिलं की एका एंटरमध्ये थेट आत. यात आणखी एक मोठा फायदा आहे. आतल्या मशीनशी होणारी एसएसएच जोडणी थेट तुमच्या लॅपटॉपपासून एन्क्रिप्ट होते, मधलं मशीन फक्त बाइट्स पुढे ढकलतं आणि तुमची की लॅपटॉपबाहेर जात नाही. एजंट फॉरवर्डिंग (लॅपटॉपवरचा कीज सांभाळणारा प्रोग्राम, म्हणजे एजंट, मधल्या मशीनवरून वापरू देणं) चालू करून मधल्या मशीनवरून पुढे जाण्यात ही सुरक्षितता नाही, कारण त्या मशीनवर ज्याच्याकडे रूट, म्हणजे सर्वाधिकार, आहे तो तुमचं सेशन चालू असेपर्यंत तुमचा एजंट वापरू शकतो. ग्राहकाच्या गेट मशीनवर कोणाकोणाकडे रूट आहे याची खात्री कोण देणार?

पण एकाच पत्त्याची दहा मशीन झाली की दुसरी अडचण उभी राहते. एसएसएच पत्त्याप्रमाणे सर्व्हरची ओळख नोनहोस्ट्स फाईलमध्ये लिहून ठेवतं. काटोलचं १.१० एकदा ओळखलं की हिंगणघाटच्या १.१० वर गेल्यावर ते किंचाळतं: रिमोट होस्टची ओळख बदलली आहे, कोणीतरी मधे बसलेलं असू शकतं. दोन-तीनदा असं झालं की वैतागून माणूस स्ट्रिक्टहोस्टकीचेकिंगला नो करून टाकतो आणि त्या दिवसापासून खरोखर कोणी मधे बसलं तरी अडवणारं काही उरत नाही. हे कृपा करून करू नका. याचा उपाय होस्टकीअलायस आहे. प्रत्येक आतल्या मशीनच्या तुकड्यात एक ओळ वाढवा, होस्टकीअलायस आणि पुढे तेच टोपणनाव. मग ओळख पत्त्याऐवजी त्या नावाखाली साठते, दोन १.१० एकमेकांत मिसळत नाहीत, आणि इशारा आलाच तर तो खरा आहे असं समजून थांबता येतं. एवढी एक ओळ मी शिकाऊ मुलांना सगळ्यात आधी शिकवते.

प्रत्येक मशीनसाठी प्रॉक्सीजंप लिहायचा कंटाळा आला तर काटोल-स्टार असा नमुना देऊन एकाच तुकड्यात तो लिहिता येतो. फक्त काटोल-गेट हे नावही त्या नमुन्यात बसतं, म्हणजे गेट स्वतःकडे जाण्यासाठी स्वतःवरूनच जायला बघेल. त्यासाठी काटोल-गेटच्या तुकड्यात प्रॉक्सीजंप नन लिहा आणि तो तुकडा नमुन्याच्या वर ठेवा. आधी सापडेल ते खरं, हा नियम इथे उपयोगी पडतो.

फाईल लिहून झाल्यावर जोडणी न करता तपासायची सोय आहे. एसएसएचला डॅश आणि कॅपिटल जी, पुढे टोपणनाव दिलं की सगळे नियम लावून शेवटी कुठला पत्ता, कुठला यूजर, कुठला पोर्ट, कुठला जंप ठरला हे ते छापून देतं. कुठल्याही सर्व्हरला हात लागत नाही. शंभर नावांवर हे एका लूपमध्ये चालवा आणि स्प्रेडशीटशी ताडून बघा. यूजरच्या जागी तुमच्या लॅपटॉपचं लॉगिन दिसलं की तिथे यूजर लिहायचा राहिला आहे हे लगेच कळतं.

आता टूल. इथे दोन मार्ग आहेत. तयार हवं असेल तर एसएसएचएस नावाचं एक छोटं टर्मिनल टूल आहे, ते थेट याच कॉन्फिग फाईलमधून यादी वाचतं, शोधू देतं आणि एंटरवर जोडतं. तुमच्या गरजेला ते पुरेल. मी मात्र एफझेडएफ (टाइप केलेल्या अक्षरांनुसार यादी गाळणारं टूल) वापरते आणि त्याभोवती सात-आठ ओळींची शेल स्क्रिप्ट. तिला मी "जा" असं नाव दिलं आहे. रचना सरळ आहे. ऑक या मजकूर वेगळा काढणाऱ्या आदेशानं मुख्य फाईल आणि उपफोल्डर या दोन्हींतल्या होस्टनं सुरू होणाऱ्या ओळी काढायच्या. एका ओळीत अनेक नावं असू शकतात, ती सुटी करायची. ज्यांत स्टार, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह आहे ती वगळायची, कारण ते नमुने आहेत, मशीन नव्हेत. उरलेली यादी एफझेडएफकडे द्यायची. त्याच्या प्रिव्ह्यूच्या चौकटीत कॅपिटल जी वाला आदेश लावून त्यातल्या पत्ता, यूजर, पोर्ट आणि जंप या चारच ओळी दाखवायच्या. निवडलेलं नाव एसएसएचला द्यायचं.

वापरताना असं दिसतं: "जा" टाइप केलं की पूर्ण यादी. "काट बि" टाइप केलं की काटोल-बिलिंगची दोन नावं उरतात. बाण वर-खाली केला की बाजूला पत्ता आणि जंप बदलताना दिसतो. एफझेडएफ अधली-मधली अक्षरं जुळवतं, त्यामुळे पूर्ण शब्द लागत नाही. नावं तीन भागांत असण्याचं फळ इथे हातात येतं.

स्क्रिप्टमध्ये तीन गोष्टी सांभाळा. एस्केप दाबून बाहेर पडलात तर एफझेडएफ रिकामं उत्तर देतं आणि एक्झिट कोड १३० असतो, तेव्हा स्क्रिप्टनं तिथेच थांबायला हवं. नाहीतर रिकाम्या नावानं एसएसएच चालतं आणि भलताच संदेश येतो. दुसरं, यादीत एकच नाव उरलं की आपोआप निवडायचा पर्याय एफझेडएफमध्ये आहे, तो मी मुद्दाम बंद ठेवते. टाइप करताना एक अक्षर चुकलं आणि नेमकं नको ते एकच नाव उरलं, तर डोळ्यांना बघायची संधीच मिळत नाही. तिसरं, कॉन्फिगमध्ये मॅच आणि एक्झेक वापरून कोणी एखादा आदेश चालवत असेल, तर कॅपिटल जी त्याच वेळी तो आदेशही चालवतं. मग यादीत बाण फिरवला की प्रत्येक नावाला तो आदेश चालेल. असं असेल तर प्रिव्ह्यू काढून टाका.

लाईव्ह मशीनसाठी मी आणखी एक अडसर घालते. निवडलेलं नाव लाईव्हनं संपत असेल तर स्क्रिप्ट ते नाव लाल रंगात छापते आणि जागेचं नाव पुन्हा टाइप करायला लावते. टीममधल्या काहींना हे जाचक वाटतं, आणि रोज पन्नास वेळा लाईव्हवर जावं लागत असेल तर ते खरंच जाचक आहे. तिथे नुसता रंग ठेवा. पण माझ्या ओळखीतल्या एका ठिकाणी टेस्ट समजून लाईव्हचा डेटाबेस रिस्टार्ट झाला, तो महिनाअखेरीच्या दिवशी. तेव्हापासून मला ते चार सेकंद महाग वाटत नाहीत. सर्व्हरच्या प्रॉम्प्टलाही रंग द्या. टीमक्सच्या (एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) तीन खिडक्या उघड्या असताना टॅबवरचं नाव कोणी वाचत नाही, कर्सरच्या शेजारचा लाल रंग मात्र दिसतो.

टीमक्सचा विषय निघालाच आहे. आपल्याकडे रस्त्याचं खोदकाम सुरू झालं की केबल तुटणं नेहमीचं. लांब चालणारं काम, अपग्रेड असो की डेटाबेसची आयात, नुसत्या एसएसएचमध्ये सुरू करू नका. सर्व्हरवर टीमक्समध्ये सुरू करा, म्हणजे लाईन गेली तरी काम तिथे चालू राहतं आणि परत जोडल्यावर तीच खिडकी मिळते. तारांकित तुकड्यात सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ३० ठेवा. ओळीनं तीनदा उत्तर आलं नाही की, म्हणजे दीडेक मिनिटात, मेलेली जोडणी आपणहून बंद होते. त्याआधीच अडकलेली खिडकी सोडवायची असेल तर एंटर, मग टिल्ड (~), मग पूर्णविराम.

कीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र आजच तपासा. पीपीके फाईल पुट्टीजेनमधून ओपनएसएसएचच्या रूपात बदलता येते, त्यात अडचण नाही. पण तुमची की ईसीडीएसए पी-५२१ प्रकारची असेल तर ती बदलून घेऊ नका, टाकून द्या. पुट्टीच्या ०.६८ ते ०.८० या आवृत्त्यांत या प्रकारच्या कीनं सही करताना एक दोष होता, एप्रिल २०२४ मध्ये ०.८१ आवृत्तीत तो दुरुस्त झाला. सुमारे ६० सह्या हाती लागल्या तर खाजगी की शोधून काढता येत होती, आणि ज्या सर्व्हरवर तुम्ही लॉगिन करता त्यालाही त्या सह्या मिळतात. नवी पुट्टी घेतल्यानं जुनी की सुरक्षित होत नाही, ती सगळ्या सर्व्हरच्या ऑथराइज्डकीज फाईलमधून काढावी लागते. नवीन की एड२५५१९ प्रकारची करा, तिला पासफ्रेज द्या आणि एसएसएच-एजंटमध्ये घाला. दोन-चार कीज असतील तर आयडेंटिटीजओन्ली येस लिहून कुठल्या मशीनला कुठली की ते बांधून टाका. नाहीतर एजंट सगळ्या कीज एकामागून एक पुढे करतो, सर्व्हरची मर्यादा सहसा सहा प्रयत्नांची असते, आणि योग्य की पुढे यायच्या आधीच तो तुम्हाला बाहेर काढतो.

जुन्या स्विचवर गेल्यावर होस्ट कीचा प्रकार जुळत नाही असा संदेश येईल. ओपनएसएसएच ८.८ पासून, म्हणजे २०२१ पासून, एसएचए-१ वरची जुनी आरएसए सही मुळातच बंद केलेली आहे. त्या एका स्विचच्या तुकड्यात होस्टकीॲल्गोरिदम्सला अधिकचिन्ह लावून एसएसएच-आरएसए जोडा. तारांकित तुकड्यात हे कधीही लिहू नका, नाहीतर एका जुन्या स्विचपायी सगळ्या सर्व्हरचा दरवाजा सैल होतो.

राहिली ती वेगळ्या कागदावरची टेलनेट आणि सिरियलची सेशन्स. कॉन्फिग फाईलमध्ये त्यांना जागा नाही. मी एक साधी मजकूर फाईल ठेवते, प्रत्येक ओळीत नाव आणि पुढे पूर्ण आदेश, आणि "जा" ती फाईलही यादीत मिसळून दाखवते. नावाच्या शेवटी टेलनेट किंवा कन्सोल असतं, म्हणून गोंधळ होत नाही. सिरियलसाठी मिनीकॉम किंवा स्क्रीन पुरतं, आदेशात बॉड रेट लिहून ठेवा, कारण स्विचसमोर उभं राहिल्यावर तो आठवत नाही. टेलनेटच्या प्रत्येक नावासमोर मात्र त्या यंत्रावर एसएसएच चालू करता येतं का, हे एकदा बघून लिहून ठेवा. बऱ्याच स्विचमध्ये ती सोय असते, फक्त कोणी चालू केलेली नसते. पुढच्या वेळी त्या साइटवर गेलात की ते काम उरकून घ्या आणि ती ओळ कॉन्फिगमध्ये हलवा.